ओढायचे राहिलेले पान

वेल्ह्याचा धोंडिबा बाजाराच्या दिवशी भोरात आला की माझ्या दारावरून हाक मारून पुढे जातो. दीड महिन्यापूर्वी त्याने हाक मारली नाही. पायरीवर येऊन बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बापू, दामुअण्णा गेलं. काल दुपारच्याला. च्या मागितला, आन् च्या येस्तवर..."

मी विचारले, किती वाजता. तो माझ्याकडे बघत राहिला. "घड्याळ कुणी बगितलं न्हाई, बापू."

मला आकडा विचारायची सवय आहे, ती अशा वेळीही सुटत नाही. माझ्या मनात तेव्हा एकच आकडा होता, नऊ. नऊ दिवसांपूर्वी मी दामूच्या खाटेशी बसलो होतो, आणि त्याने माझे एक पान आपल्या बंडीच्या खिशात घातले होते. त्याच्या बदल्याचे पान द्यायला तो भोरला येणार होता.

दामू आणि मी एकाच वर्षी कचेरीत उमेदवारीला लागलो. दोघेही कारकून, पण स्वभावाने उलटे. त्याचे अक्षर सुंदर आणि बेरजा चुकीच्या. माझ्या बेरजा बरोबर आणि अक्षर मलाच लागत नसे. संध्याकाळी तो पेटी वाजवायचा. गावात कुठेही भजन असले की त्याला बोलावणे यायचे. मला गाण्यातले कळत नाही, त्यामुळे आमची मैत्री जमली ती पत्त्यांवर. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की कचेरीच्या मागच्या ओट्यावर आम्ही सात-आठचे दोन डाव टाकायचो. हा खेळ दोघांचाच. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने आणि दोन सत्त्या बाजूला काढायच्या, राहतात तीस, पंधरा-पंधरा वाटायची. वाटणाऱ्याने सात हात करायचे, समोरच्याने आठ, आणि हुकूम आठवाल्याने बोलायचा. ज्याचे ठरल्यापेक्षा जास्त हात होतील, त्याने पुढच्या डावात तितकी पाने समोरच्याच्या हातातून न बघता ओढायची आणि बदल्यात आपली नको ती द्यायची. एक डाव दहा मिनिटांत उरकतो. कोणाची किती पाने ओढायची राहिली, हे मी लक्षात ठेवायचे, असे पहिल्या दिवसापासून ठरून गेले होते. "हा केशव जेवताना घाससुद्धा मोजतो," दामू सगळ्यांना सांगायचा, "मी कशाला डोकं शिणवू?"

लढाईच्या पुष्कळ आधीची गोष्ट. वेल्ह्याला कारकुनाची जागा रिकामी झाली. तिकडे तेव्हा पावसाळ्यानंतर हिवताप घरोघर असे, डॉक्टर नव्हता आणि नसरापूरपासून पुढे बैलगाडी नाहीतर पाय. पाठवण्यासारखे दोघेच होतो. अव्वल कारकुनांनी आम्हाला समोर उभे केले आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. शनिवारी तीन वाजेपर्यंत एक नाव द्या. नाहीतर मी लिहीन ते."

माझ्या बायकोला सातवा महिना होता. आधीची दोन मुले जन्मतःच गेली होती, आणि या खेपेला डॉक्टरांनी तिला गाव सोडू नका म्हणून बजावले होते. दामूचेही काही साधे नव्हते. त्याच्या आईला दिसत नव्हते आणि भोरातल्या घराची पायरी न् पायरी तिच्या पायांना पाठ होती. दोघांनी एकमेकांना ही कारणे सांगितली नाहीत. दोघांनाही ती माहीत होती. शुक्रवारी तो म्हणाला, "भांडायचं नाही. तीन डाव. जो दोन जिंकेल तो भोरात राहील." मी हो म्हटले.

शनिवारी दोन वाजता ओट्यावर बसलो. पहिला डाव मी जिंकला, आठाचे नऊ करून. दुसऱ्यात मी एक पान ओढले, तरी दामूने आठाचे दहा केले. म्हणजे तिसऱ्या डावात त्याने माझी दोन पाने ओढायची होती. त्याने पाने वाटली, मी बदाम हुकूम बोललो. त्याने एक पान ओढले, आपले एक मला दिले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तोच शिपायाने दारातून हाक मारली, "साहेब नाव इचारत्यात." दामू मागे वळला. "अरे, तीन वाजू देत की. पळत नाही आम्ही कुठं." शिपाई गेला. दामू परत माझ्याकडे वळला, आपली पाने सारखी केली आणि म्हणाला, "झालं ना ओढून?"

मी मान हलवली.

तोंडाने बोललो नाही, एवढाच काय तो फरक. त्या फरकावर मी पुष्कळ वर्षे काढली.

माझे नऊ हात झाले, त्याचे सहा. नंतर मी तो डाव मनात अनेकदा मांडला आहे. माझ्या हातातल्या पंधरा पानांत चार अशी होती की त्यांतले कोणतेही एक गेले असते, तर माझा नववा हात झाला नसता. डाव बरोबरीत सुटून पुन्हा वाटावा लागला असता. म्हणजे मी हरलोच असतो असे नाही. पण ती चार पानांची संधी त्याची होती आणि मी ती त्याला घेऊ दिली नाही. दामूने पाने गोळा केली, गड्डी माझ्या हातात दिली आणि स्वतः आत जाऊन आपले नाव सांगून आला. बाहेर आल्यावर म्हणाला, "गड्डी घेऊन येत जा तिकडं. तिथं सात-आठ कुणाला येत असेल असं वाटत नाही."

तिसऱ्या महिन्यात आमची मालती झाली. बायको अडली होती; डॉक्टर दहा मिनिटांच्या अंतरावर होते म्हणून दोघी वाचल्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर दामूला वेल्ह्यात ताप धरला. आईला नव्या घरात भिंती सापडत नव्हत्या, ती वर्षभरात गेली. दामू उठला, पण ताप आणि त्यावरच्या कोयनेलच्या गोळ्या यांत कान गेले. डावा पुरता गेला, उजव्याला ओरडून सांगावे लागे. पेटी त्याने तिथल्या देवळाला देऊन टाकली. बदली मागितली असती तर मिळाली असती. "आता सगळी गावं सारखीच," तो म्हणायचा.

मी महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी जायचो. ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर गप्पा मारणे कठीण, पत्ते खेळणे सोपे. हुकूम बोटाने दाखवायचा, बाकी शब्द लागत नाहीत. तिसऱ्या वर्षी मी ठरवून गेलो होतो. तो पाने पिसत असताना मी म्हणालो, "दामू, त्या दिवशी तुझं एक पान ओढायचं राहिलं होतं." त्याने कानाला हात लावला. "काय? मोठ्यानं बोल." स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होत्या. शेजारच्या ओसरीवर माणसे होती. मी हळू बोललो ते चुकून नव्हे... त्याला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात मी बोललो होतो. "काही नाही," मी हाताने खूण केली, "वाट."

त्यानंतर दहा वर्षे आम्ही खेळलो.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा त्याच्या पायांवर सूज होती आणि उशीला टेकून बसला तरी दम लागत होता. दुपारचे चार वाजले असतील. मी पाने वाटली. त्याने हुकूम दाखवला आणि पान टाकायला घेतले. मी माझी पंधरा पाने पंख्यासारखी धरून उलटी त्याच्यापुढे केली.

"हे काय? मागचा डाव बरोबरीत सुटला ना?"

मग मी ओरडलो. दुसरा मार्ग नव्हता. कचेरीच्या ओट्यावरचा तिसरा डाव, शिपायाची हाक, दोन पाने, त्याने ओढलेले एक, माझी मान. सगळे सांगितले. "मला माहीत होतं, दामू. तेव्हाच माहीत होतं." वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

दामूने आपली पाने पालथी खाली ठेवली. मग म्हणाला, "ओरडू नकोस. एवढं ऐकू येतं." आणि त्याने विचारले, "मालती कितवीत आहे?"

"सातवीला बसली यंदा."

त्याने मान हलवली. माझ्या पंख्यावरून बोट फिरवले, मधले एक पान ओढले आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. माझ्या हातातून कोणते गेले ते मला कळलेच होते. किलवर अठ्ठी. दोन सत्त्या सोडल्या तर याच्याहून हलके पान गड्डीत नाही.

"हेच पाहिजे होतं मला," तो म्हणाला आणि ते बंडीच्या खिशात घातले.

"बदल्याचं दे की."

"देतो. भोरला आणून देतो. कान गेल्यापासून आलो नाही मी तिकडं. तोवर बस चौदा पानं मोजत."

तो हसला, त्याला खोकला आला. वहिनींनी कप खाली ठेवले आणि त्या आत गेल्या. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत.

तेराव्याला मी वेल्ह्याला गेलो. निघताना वहिनी ओसरीवर आल्या आणि माझ्यापुढे ते पान धरले. "त्यांच्या बंडीत होतं. तुमचंच ना, भावजी?"

"हो."

"मग घेऊन जा. माझ्या घरात नको."

दामूने मला काय दिले आणि काय दिले नाही, ते मी अजून नक्की सांगू शकत नाही. वहिनींचे मात्र स्पष्ट होते, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. दामूच्या आईचे आंधळे हात नव्या भिंतींवर फिरताना त्यांनी पाहिले होते.

मालतीला सात-आठ मीच शिकवला. हल्ली संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही एक डाव टाकतो. किलवर अठ्ठी मी गड्डीत मिसळलेली नाही. तिच्या जागी बाजूला पडलेली किलवर छक्की घेतली आहे, आणि मालती कुरकुरते की छक्कीला अठ्ठी म्हणायचे सारखे विसरायला होते. पाने वाटून झाली, ओढाओढी झाली, की ती घाईने पहिले पान टाकायला जाते. मी तिचा हात धरतो.

"थांब. तुझं अजून एक राहिलंय."

"तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं, बाबा."

मी पानांचा पंखा तिच्यापुढे करतो आणि तिचे ओढून होईपर्यंत तसाच धरून ठेवतो.