माझ्यासमोर खा

गाव सोडलं त्या सकाळी जीप दारात उभी होती. सासूबाई माझ्या तळहातावर घालायला दही-साखर घेऊन आल्या. "तोंड गोड केल्याबिगर जाऊ नाय," म्हणाल्या. मी हात पुढं केला, तोच हे म्हणाले, "तिला दही चालत नाय आता." आणलेलं परत कसं न्यायचं, म्हणून ते दही, अक्का, तू खाल्लंस. थोरली जाऊ तू. माझ्यामागं माझी चूल, माझी पल्लवी, तिची शाळा, सगळं तुझ्याकडं आलं, ते मी सोसलं. पण ते दही मला गंगापूर येईपर्यंत डाचत होतं.

किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिसचं मशीन संभाजीनगरात, म्हणून यांनी वाळूजला कंपनीत काम धरलं आणि आम्ही एक खोली केली. इथलं माझं खाणं तुला सांगते. भाजी बारीक चिरायची, तिच्यातले क्षार निघावेत म्हणून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं. पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा येळवणीच्या आमटीला जपून ठेवणाऱ्या बायका आपण. पहिल्यांदा ओतताना माझा हात थांबला होता. मीठ नावाला. केळी, मोसंबी, नारळपाणी बंद, म्हणजे आजाऱ्याला लोक जे आणून देतात नेमकं तेच. अंड्यातलं पांढरं माझं, बलक यांचा. प्यायचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं आणि दिवसभर तिच्याकडं बघत बसायचं. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खाटेवर एक काकू असतात. त्यांना अजून लघवी होते, म्हणून डॉक्टरांनी पाणी जास्त दिलंय. कपभर चहा फुर्र करून पितात बाई. लोक दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतात. मी लघवीचा करते.

पण सगळ्यात जास्त हेवा तुझा. फोनवर पल्लवी "काकूचं पिठलं लई भारी" म्हणते, आणि मी "व्हय का" म्हणून फोन ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. बापलेक सारखे गच्चीवर जायला लागले, कपडे वाळले का बघायला म्हणे. एकदा मी धापा टाकत जिना चढले. पाण्याच्या टाकीमागं दोघं सीताफळं खात बसलेली. आपल्या विहिरीजवळच्या झाडाची, तू पिशवीतून पाठवलेली. पल्लवी रडायलाच लागली. "काकूनंच सांगितलं, आईच्या म्होरं खायाचं नाय, तिचा जीव तुटतो."

मी पेटले. फळासाठी नाही. माझ्या घरात माझ्यापासून काय लपवायचं, हेही तूच ठरवलंस म्हणून. दोघांना खाली आणलं आणि म्हटलं, "इथं बसा. माझ्यासमोर खा."

यांनी मान खाली घातली. पल्लवी एकेक बी काढत खात राहिली आणि मी बघत राहिले. मला ते फळ इतकं हवं होतं, की मी पदर मुठीत आवळून धरला. मग ती हळूहळू बोलायला लागली. शाळेतलं, नव्या वासराचं, आजीच्या गुडघ्याचं. आल्यापासून पोरगी गप्प का होती, ते मला तेव्हा कळलं.

भोगीला येतेय, अक्का. दोन डायलिसिसच्या मधला दिवस आहे. माझी उकडलेली भाजी मी डब्यात आणीन. माझं ताट तुझ्या ताटाशेजारी मांड. तू बाजरीची भाकरी लोण्याशी खा, भोगीची भाजी दोनदा घे. मी जळेन, आणि ते तुला दिसेल. पण घर आता माझ्यासाठी तेवढंच उरलंय, जिथं माणसं माझ्यादेखत खातात. तू उठून आत जाऊन खाल्लंस, तर मग मी पाहुणीच.