भावोजींचं वाइल्डकार्ड

आमच्या भावोजींइतकी नावं विकत घेतलेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. शेजारच्या पेडण्यात तर नाहीच नाही, कारण पेडण्यात वेबसाइटी करून द्यायचं दुकान माझं आहे, आणि माझं गिऱ्हाईक कोण म्हणाल तर मुख्यतः भावोजीच. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार सुर्ला. खाण चालू होती तेव्हा त्यांचे खनिजाचे ट्रक सुर्ल्याहून पाळीमार्गे धक्क्यापर्यंत धावायचे आणि भावोजी भुवयांवर तांबडी माती घेऊन राजासारखे हिंडायचे. खाण थांबली, ट्रक गेले, आणि रिकाम्या झालेल्या त्या माणसाच्या हातात कोणीतरी इंटरनेट दिलं. कोणी म्हणजे मीच. दुसरा कोणी अशा वेळी भजनाला लागला असता. भावोजी डोमेनला लागले. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, दर वर्षी भाडं भरलं की ते आपलं, दुसऱ्याला मिळत नाही, असं मी त्यांना माझ्या हुशारीच्या भरात समजावून सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. “म्हणजे पयलो येयत तेका नाव गावता? मगे आमी कित्याक झोपलंव रे?” त्या दिवसापासून ते कधी झोपले नाहीत आणि मलाही त्यांनी झोपू दिलं नाही.

पहिलं नाव त्यांनी घेतलं ते घराचं. सुर्ल्यात त्यांच्या घराला सगळे ‘व्हडलें घर’, म्हणजे थोरलं घर, म्हणतात, म्हणून साइटही ‘व्हडलेंघर’. मग त्या नावाच्या आधी टिंब देऊन पोटनावं निघाली. ताई घरी खाजं करून विकते, म्हणून खाजें-टिंब-व्हडलेंघर. काजूचं वेगळं, कोकमाचं वेगळं. त्याखेरीज कोणाच्याही घरात काहीही शुभ घडलं की भावोजी फोन काढून ते नाव मोकळं आहे का हे बघणार. माझ्या मुलीच्या बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे ताईचा. ताई पाळण्याकडे वाकली, की भावोजी मागून तिच्या कानात सांगायचे, “ता गेलला! दुसरा बग!” बायका पाळणा म्हणताहेत, बाळ रडतंय, आणि ताई पुन्हा ताठ उभी. अशी चांगली चांगली नावं एकेक करून बाद झाली आणि शेवटी जे जगात कोणालाच नको होतं ते मोकळं सापडलं. आज माझी मुलगी शाळेत आपलं नाव लिहायला लागली की ओळ संपते, नाव संपत नाही. मग ती मान वर करून माझ्याकडे बघते.

दुसरा नाद कुलपाचा. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशी जिथून तिच्या सर्टिफिकेटची माहिती उघडते, त्याला आम्ही घरात कुलूपच म्हणतो. साइट खरोखर त्याच नावाची आहे आणि मधे कोणी कान लावून बसलेलं नाही, याचा तो दाखला. साधा माणूस तिकडे बघतही नाही. भावोजी कुठलीही साइट उघडली की आधी कुलूप उघडणार, नाव वाचणार, मुदत वाचणार, मग पुढे. पाळीला एका लग्नात वधूपित्याने मोठ्या कौतुकाने लग्नाची खास वेबसाइट दाखवली, तर भर पंगतीत भावोजी त्याला म्हणाले, “चेडवाच्या लग्नाचा कुलूप सोंपलला आसा, खबर आसा तुमकां?” वधूपित्याचा चेहरा असा उतरला की मुलाकडची माणसं काय झालं म्हणून विचारायला आली. ती साइट मीच केली होती, हे मी त्या पंगतीत कोणाला सांगितलं नाही. मी खाली मान घालून वाटीतलं गोड मणगणें संपवलं.

तिसरी गोष्ट कौलाची. आमच्या बाजूला देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळेच घेतात, पण विहीर, सोयरीक, घराचा पाया असल्या कामांना. भावोजी मोबाइलचा प्लॅन बदलायलाही कौल घेतात. आमच्या गुरवाला सगळ्या कंपन्यांचे प्लॅन पाठ झाले आहेत ते यामुळेच.

आता भावोजींचा एक धाकटा भाऊ आहे. ट्रक विकले तेव्हा घराच्या वाटण्या निघाल्या, आणि वाटण्या निघाल्या की जे होतं तेच झालं. धाकटा बायकोच्या गावी मोरजीला गेला, तिथे समुद्राजवळ पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, आणि गणपतीच्या चवथीला व्हडल्या घरी यायचाही बंद झाला. त्याने साइट माझ्याकडेच केली, पण नाव घेतलं वेगळं, ‘दर्याकांठ’. घराच्या नावाचा वाससुद्धा नको होता त्याला. भावोजी त्याच्याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. मात्र सकाळी पोदेराचा पाव आला की चहात बुडवून खाता खाता रोज दर्याकांठची साइट उघडायचे आणि खोल्यांचे तेच तेच फोटो बघायचे. एकदा मला म्हणाले, “जनेलां बरी बसयल्यान हां.” बस्स, खिडक्यांबद्दल एवढंच.

आणि एके दिवशी व्हडलेंघरच्या नावापाशी ‘असुरक्षित’ असा शब्द उमटला. सर्टिफिकेटची मुदत संपली होती, ती बघायचं काम माझं होतं, आणि मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला वेळेवर मुदत बघण्याचं महत्त्व समजावत होतो. भावोजी तडक पेडण्याला आले. “आमचा घर असुरक्षित? आमच्या घरात कधी चोर शिरूक नाय!” मी म्हटलं, फुकट सर्टिफिकेटही मिळतं, लावून टाकतो. त्यांनी माझ्याकडे भुवया चढवून बघितलं. फुकटाचं कुलूप व्हडल्या घराला! मग मी खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून, तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं की विकतची दोन प्रकारची असतात. एक वाइल्डकार्ड. त्यात नावाच्या आधी एक तारा असतो, आणि व्हडलेंघरची जेवढी पोटनावं आहेत, उद्या आणखी काढाल, ती सगळी त्या एका ताऱ्यात येतात. दुसरं मल्टि-डोमेन. त्यात वेगवेगळी नावं एकेक करून लिहायची. लिहिलं तेवढंच चालणार. “तुम्हाला वाइल्डकार्डच बरं,” मी म्हणालो. भावोजी छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, “तेच्यात मोरजी येता?” मला वाटलं, मोरजीत काजूचं दुकान काढताहेत. मी म्हटलं, “येणार म्हणजे काय? सगळं येणार!”

कौल घ्यायला मीही गेलो. देवाला नीट समजावं म्हणून गुरवाला सगळं मीच समजावून सांगितलं होतं, त्यामुळे गाऱ्हाणं असं झालं: “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक एकाच कुलपात सगळा घर घालूचा आसा, तर ता वायल्डकार्ड घेवचा काय कसा, तो निवाडो कर म्हाराजा!” मागून आम्ही सगळे “व्हय म्हाराजा!” पाकळी उजवी पडली, आणि ती पण पटकन. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका सर्टिफिकेटसाठी एवढं कशाला, असं मला वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “दर्याकांठाचा कुलूपय सोंपत इला मरे, मी बगतंय मां रोज. ह्याच तेकाय लाव. माझ्याकडसून. तेका आताच सांगू नको.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मोरजी म्हणजे धाकटा! दर्याकांठ हे निराळंच नाव. व्हडलेंघरच्या ताऱ्यात ते येणं शक्य नव्हतं. हे मला ठाऊक होतं. याच विषयावर मी पणजीला एक कोर्सही केला आहे, त्याचं प्रशस्तिपत्र दुकानात चौकटीत टांगलं आहे. पण उजवी पाकळी माझ्या डोळ्यांदेखत पडली होती. मी म्हटलं, देवाने होय म्हटलंय तर आपण कोण शहाणे? आणि लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचा फोन आला. मोरजीला मोसम भरात होता, आणि दर्याकांठ उघडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी लाल पडदा दिसत होता: ही साइट आपण दर्याकांठ असल्याचं सिद्ध करू शकत नाही, हिचं सर्टिफिकेट व्हडलेंघरच्या नावाचं आहे, कोणीतरी तुमची माहिती चोरायचा प्रयत्न करत असावं. ब्राउझर बिचारा सगळ्यांना तेच सांगतो. पण वाटणीत भावाने आपल्याला फसवलं असं ज्याला वाटतंय त्याने ते वाचलं, म्हणजे काय झालं असेल ते बघा! “माझ्या दाराक तेच्या नावाचा कुलूप?” धाकटा ओरडत होता. “आता हयसरय इलो? तेका सांग, परत माझ्या वाटेक येव नको!” मी ते कुलूप लगेच काढून टाकलं, मग सुर्ल्याला जाऊन भावोजींना घडलेलं सांगितलं. वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उपडा ठेवला. मग म्हणाले, “देवाची चूक नाय रे. आमी तेका सगळा घर म्हणान सांगितलंव. धाकलो घरात खय रवला आता?” मला फार वाईट वाटलं.

पण भावोजी ते भावोजीच. ताईला खाज्याचा पुडा बांधायला सांगून त्यांनी गाडी काढली आणि मला शेजारी बसवलं. आम्ही मोरजीला पोचलो. कासवांनी अंडी घातलेल्या जागेला किनाऱ्यावर कुंपण घातलं होतं, त्याच्या जरा वर धाकट्याच्या खोल्या. धाकट्याने आम्हाला बघितलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याच्या बायकोने खुर्च्या टाकल्या, कोकमाचं सरबत आणलं, खाज्याचा पुडा आत नेला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लॅपटॉप उघडून घसा साफ केला आणि सांगितलं की चूक माझी, दोन वेगळ्या नावांना मल्टि-डोमेनच लागतं. त्यात दोघांची नावं एका सर्टिफिकेटवर येतात. पण ज्याचं नाव, त्याला मेल जातो, आणि त्याने स्वतः मान्य केल्याशिवाय ते होत नाही.

धाकट्याने मान वर केली. “म्हणजे मी मान्य केल्याबगर दादाक काय एक करूक गावाचा नाय?”

“नाही,” मी म्हटलं.

“ह्या बरा आसा,” धाकटा म्हणाला. त्याला ते फारच आवडलेलं दिसलं. खुर्ची जवळ ओढून त्याने विचारलं, “पयला नाव कोणाचा?” एक मुख्य नाव असतं, बाकीची जोडून येतात, असं मी सांगितलं. व्हडलें घर म्हणजे देवळात पहिल्या मानाचं घर. त्या मानासाठी भावोजी अर्ध्या गावाशी भांडलेले मी बघितले आहेत.

भावोजी कुंपणाकडे बघत होते. “पयला दर्याकांठ घाल,” ते म्हणाले.

“दादा, व्हडला घर…”

“व्हडल्या घराक फाटी उबा रवलेला बरा दिसता. घाल तू.”

धाकटा पडद्याकडे वाकला. मी एकेक नाव टाकत गेलो आणि तो वाचत गेला. खाजें, काजू, कोकम. एका नावाशी थांबला. “बांय? बांयची साइट?” बांय म्हणजे विहीर. त्या साइटवर व्हडल्या घरामागच्या विहिरीचा एक फोटो आहे, बाकी काही नाही. मीच केली होती, आणि भावोजींच्या खुळांतलं हे आणखी एक म्हणून मित्रांमध्ये हसलोही होतो. भावोजी म्हणाले, “तू पोवाक शिकलंस थंय. खय दूर गेल्लो आसलंस तर दिसांदी म्हणान घातलंय.” त्या विहिरीत पोहायला शिकलेल्या धाकट्याने तोंड फिरवलं. मग फोन काढला, मेल उघडला आणि मान्य केलं. मी माझं काम करत होतो, पण मला पडदा नीट दिसत नव्हता.

धाकटा चवथीला सुर्ल्याला अजून येत नाही. तेवढं सोपं नसतं ते. पण सर्टिफिकेट संपत आलं की भावोजींचा मला फोन येतो, आम्ही मोरजीला जातो, मी नावं टाकतो आणि धाकटा मान्य करतो. तो ते चटकन कधी करत नाही. आधी सरबत होतं, मोसमाच्या गोष्टी होतात, जनेलांना रंग कुठला द्यायचा ते होतं. भावोजी आता थकले आहेत, गाडीही मीच चालवतो. गेल्या खेपेला मी दोघांना भीत भीत सांगितलं की सर्टिफिकेटची मुदत आता कमी करत आणताहेत, वर्षातून कितीतरी वेळा हे करावं लागेल. भावोजी भावाला म्हणाले, “आयकलंस? घडये घडये येवचा पडात आता.”

धाकटा फोनमधून मान वर न करता म्हणाला, “येवचा पडात तर ये. जेवाकच ये.”

मी लॅपटॉप मिटला. कोणी कुठे न जाता, कोणी काही मान्य न करता, हे सगळं आपोआप होईल अशी सोय केव्हाची निघाली आहे, आणि ती लावायला मला चहा पिण्याइतका वेळही लागणार नाही. ती मी दोघांनाही सांगितलेली नाही.