बंडीवरून पडलो नव्हतो

धाम नदीच्या पाण्यात पहाटे उतरलं की पाय आपले राहत नसत. थंडीनं ते खाली कुठेतरी, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे हलत. पाण्यावर धुकं असायचं. काठावर एक म्हातारा बसलेला असायचा आणि त्याच्या बिडीचं लाल टोक तेवढं दिसायचं. मी डोहाच्या पल्याड जाऊन परत वळेपर्यंत ते विझायचं. मग मला दिशा कळावी म्हणून तो खोकायचा. त्या खोकल्याच्या रोखानं मी हात मारत यायचो. इतक्या वर्षांनी अजूनही कधी कधी झोपेत मी त्या धुक्यात पोहत असतो, आणि खोकला ऐकू येत नाही.

तो आमच्या गावचा हाड बसवणारा. सारं गाव त्याला बाबाजी म्हणायचं. मी त्याच्याशी जे केलं ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे कसरतीचे एक मास्तर होते. दूरच्या कुठल्याशा बेटावर माणसं एकाच दिवसात समुद्रात पोहतात, मग सायकल हाणतात आणि मग धावतात, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं. समुद्र आमच्याकडे नव्हता. समुद्रपूर होतं, पण तिथंही पाणी विहिरीचंच. तेव्हा मास्तरांनी आपल्या परीनं शर्यत बेतली. आंजीजवळ धामच्या डोहात चार फेऱ्या, तिथून सायकलनं वर्धा, हिंगणघाट करत वडनेर, आणि वडनेरहून धावत पुन्हा हिंगणघाट. मी तेवीस वर्षांचा होतो. आयुष्यात कशातच पहिला आलो नव्हतो. ही शर्यत पुरी करायचीच, असं मी मनात घेतलं.

कापसाचे दिवस होते. जिनिंगकडे निघालेले ट्रक कापूस सांडत जायचे आणि रस्त्याच्या बाभळींना पांढरं लागलेलं असायचं. सायकलवरून ट्रकमागचा लोंबता दोर धरला की पायडल न मारता तरंगत जाता यायचं. वडिलांनी एकदा पाहिलं होतं. म्हणाले, "पुन्हा लटकलेला दिसला तर सायकल विकून टाकीन. मंग धाव बैलाइच्या मांगं."

तरीही एक दिवस शर्यतीचा सराव करताना मी दोर धरला. उन्हात कापसाचे कण उडत होते, आणि मी काही क्षण डोळेसुद्धा मिटले. ट्रकनं खड्डा चुकवला. माझा डावा पाय पुढच्या चाकाच्या तारांमध्ये गेला. चाक फिरलं, त्याच्याबरोबर पायही फिरला.

आमचं शेत हाकेच्या अंतरावर होतं. सायकल तुरीत ढकलली आणि बसल्या बसल्या सरकत बांधाच्या आत आलो. तिथं आमची बंडी कापूस भरून उभी होती, बैल सोडलेले होते. मी तिच्या चाकाशी पडलो आणि मगच ओरडलो.

बाबाजी आला. तो पायाला हात लावण्याआधी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायचा.

"कसा पडला? सरळ का पिळून?"

त्याचं सारं काम या उत्तरावर चालायचं. हाड सरळ मोडलं असेल तर तो नुसतं लांब ओढायचा. पिळून मोडलं असेल तर ओढता ओढता उलटं फिरवायचा. सूज चढल्यावर बोटांना ते कळत नाही, म्हणून विचारायचा.

वडील डोक्याशी उभे होते. "बंडीवरून पडलो," मी म्हणालो. "सरळ."

"पाय कशात अटकला होता का?"

"नाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि पाय सरळ ओढला. लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. तो पैसे घेत नसे. त्याची एकच रीत होती. पाय बरा झाला की माणसानं आपल्या कामट्या स्वतः वाहत्या पाण्यात सोडायच्या. "त्या पाण्यात गेल्या की हाड तुयं," तो म्हणायचा, "तोवर मायं."

दीड महिन्यानं त्यानं कामट्या काढल्या, तर पाऊल बाहेरच्या अंगाला पाहत होतं. बाबाजीनं दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. पुन्हा पुन्हा नडगीवरून अंगठा फिरवला. मग आपल्याच हातांकडे पाहत म्हणाला, "हात गेला माया."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सायकल घरात परत आली होती, तिचं चाक मी एका मित्राकरवी चोरून सरळ करून घेतलं होतं.

पानठेल्यावर पोट्ट्यांना विषय मिळाला. "बाबाजीनं पाय बसवला का वळवला बे?"

"अबे, हा आंजीले निघाला तर याचा पाय वर्ध्याले जाते!"

मीही त्यांच्यासोबत हसलो. हसलो, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

बाबाजीनं त्या दिवसापासून हाडं बसवणं सोडलं. कुणी मोडका हात घेऊन दाराशी आलं की म्हणायचा, "दवाखान्यात न्या. मले आता नाई समजत." माझ्या कामट्या मात्र त्यानं मला पाण्यात सोडू दिल्या नाहीत. फडक्यात गुंडाळून आपल्याकडे ठेवल्या. "अजून हाड मायंच हाये," म्हणाला. "तुयी ते शर्यत मी पुरी करून देतो. येजो पहाटे नदीवर."

असा तो माझा गुरू झाला. उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात त्यानं मला चालवलं. मग पाठीवर तरंगायला लावून माझी टाच तळहातावर घ्यायचा आणि पाऊल आतल्या बाजूला हळूहळू दाबायचा. कानात पाणी असायचं, त्यामुळे त्याचं बोलणं तळातून आल्यासारखं वाटायचं.

"थोडा वळला का रे?"

"वळला, बाबाजी."

वळला नव्हता. वर आकाश उजाडत असायचं, बगळे कापसाच्या पेळूसारखे सरकत जायचे, आणि त्या म्हाताऱ्या हातावर पाय टाकून मी पडून राहायचो. इतकं सुख मला पुढे कशात मिळालं नाही. सांगितलं तर हे संपेल, अशी भीती होती. गप्प राहायला आता सायकलीचं कारणही उरलं नव्हतं.

पावसाळ्यात त्यानं सायकल धरायला लावली. तो एसटीच्या थांब्यावर बसून राहायचा, मी वर्ध्याला जाऊन यायचो. आल्यावर तो आधी पाय चाचपायचा, मग पाणी द्यायचा. दिवाळीनंतर मी धावू लागलो, डावं पाऊल धुळीत तिरपी खूण उठवत. तो त्या खुणांच्या मागून चालत यायचा आणि वाकून वाकून पाहायचा.

शर्यतीला आम्ही अकरा जण होतो. डोहातून मी तिसरा बाहेर आलो. हिंगणघाटच्या रस्त्यावर पुन्हा कापसाचे ट्रक होते. एकाचा दोर अगदी माझ्या हातापाशी लोंबत राहिला, बराच वेळ. मी हात हँडलच्या मुठीवर घट्ट ठेवले, तर नडगी दुखायला लागली. वडनेरला सायकल टेकवली तेव्हा पुढे सात जण होते. मग धावणं सुरू झालं. ऊन कलत गेलं. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, मधून बायांचे आवाज, आणि मी जणू एकाच बाभळीजवळून पुन्हा पुन्हा जातो आहे असं वाटत होतं. पाय दुखायचा थांबला आणि नुसता जड झाला. मी चालत नव्हतो एवढं खरं. हिंगणघाटला वणा नदीच्या पुलाशी पोचलो तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आठवा आलो. पुढचा माणूस केव्हाच घरी गेला होता.

बाबाजी एसटीनं आला होता. पुलाखाली दगडावर बसला होता, मांडीवर ते फडकं. मी त्याच्याजवळ कोसळलो. त्यानं पायाला तेल चोळलं आणि फडकं सोडून कामट्या माझ्यापुढे धरल्या.

"घे. सोड पाण्यात. पाय पुरा झाला."

पाणी दोन हातांवर होतं. एवढं केलं असतं की हाड माझं झालं असतं. कामट्या घ्यायला हात पुढे जाईना.

"बाबाजी," मी म्हणालो, "मी बंडीवरून पडलो नव्हतो."

त्याचा हात तिथंच राहिला. "मंग?"

मी ट्रक सांगितला, दोर सांगितला, चाक सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं माझं पाऊल ओढून मांडीवर घेतलं.

"चाक पुढं फिरून राह्यलं होतं?"

"हो."

"टाच आत होती का बाहेर?"

"आत."

त्यानं अंगठा नडगीवरून खाली आणला, एका जागी थांबवला, डोळे मिटले. वरून एक बैलगाडी गेली. "पिळला," तो हळूच म्हणाला. "इथून पिळला." आणि त्याचा चेहरा सैल झाला. वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता. मग त्यानं डोळे उघडले.

"काऊन नाई सांगितलं?"

मी पाऊल ओढून घ्यायला पाहिलं, त्यानं ते सोडलं नाही.

"त्या दिवशी वडनेरची बाई आलती मनगट घेऊन," तो म्हणाला. "साधं काम होतं. परत पाठोलं मी तिले. म्हटलं, मायाच्यानं वाकडं होईन."

त्यानं माझं पाऊल मांडीवरून उचलून दगडावर ठेवलं, हळूच. कामट्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या.

"हे राहू दे मायाजवळ," म्हणाला, आणि एकटाच एसटीकडे गेला. मी हाक मारली. तो थांबला नाही.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी सायकल विकली नाही.

नंतरच्या आठवड्यात बाबाजीच्या घरावरून गेलो. ओट्यावर ओला बांबू चिरून वाळत घातला होता. आत एक बाई हात पुढे करून बसली होती, आणि तो तिला विचारत होता, "सरळ का पिळून?" मी दाराशी उभा राहिलो. त्यानं मान वर केली. त्याची नजर माझ्या चेहऱ्यापर्यंत आली नाही, डाव्या पावलावर थांबली. मग तो बाईच्या मनगटाकडे वळला.