तिथं राहिलेली दुसरी

ओतूरला मी शिवणकामाचा वर्ग घेते. जवळच्या डिंगोरे गावची एक सतरा वर्षांची मुलगी यायची. हाताला चांगली सफाई होती. माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या एका बाईने तिला नाशिककडे द्राक्षं पॅक करायचं काम देते म्हणून सांगितलं. घरच्यांनी विश्वासानं पाठवलं. लगेचच तिचा फोन बंद लागायला लागला.

महिन्याभराने मला अनोळखी नंबरवरून फोन आला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, हितं माझं लगीन लावलंय. कोंडून ठेवत्यात." खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी तिने वाचून दाखवली. गाव मध्य प्रदेशातलं होतं.

तिच्या वडिलांना घेऊन मी पोलिसांकडे गेले. तिथे सांगितलं, गुन्हा तिकडे घडलाय, तक्रार तिकडे द्या. तिकडे फोन केला तर म्हणाले, मुलगी तुमची, कागद तुमच्याकडून यायला हवा. पुन्हा तिचा फोन आला नाही. वडील नुसते ठाण्यातल्या बाकावर बसून राहायचे, पुढ्यातला चहाही घेत नसत.

शेवटी एक महिला हवालदार भेटली. तिने तिकडचे अधिकारी आणि बालकल्याण समितीतल्या बाई यांना एकाच वेळी फोनवर घेतलं, कोणी काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवलं. हे आधी का झालं नाही, मी विचारलं. ती म्हणाली, "प्रत्येकाला वाटतं, पुढचं दुसऱ्यानं बघावं."

आम्ही तिकडे पोचलो. पोलिसांनी दार उघडायला लावलं. मुलगी वडिलांना बिलगली. मागे आणखी एक पोरगी उभी होती, लांबच्या कुठल्या राज्यातून आणलेली. तिची भाषा कोणालाच कळेना.

"आण्णा, फोन हिनंच आणून दिला व्हता. हिला पन न्या," मुलगी वडिलांना म्हणाली.

घरातला माणूस म्हणाला, ही माझी भावजय, सज्ञान आहे. इथे मर्जीने राहतेस का, असं पोलिसांनी तिला हिंदीत विचारलं. त्याच्याकडे बघत तिने मान डोलावली. तिच्यासाठी कुठूनच तक्रार आलेली नव्हती. आम्ही तिला तिथेच सोडून निघालो.

हवालदारबाईंनी नंतर त्या पोरीबद्दल तिकडे पुन्हा पुन्हा विचारलं. ते कुटुंब घर सोडून गेलं, एवढंच उत्तर आलं. इथून मुलीला नेणारी बाईही अजून सापडलेली नाही.

आमची मुलगी आता वर्गाला येते. शिवता शिवता थांबून विचारते, तिकडून काही कळलं का. मी नाही म्हणते.