हिरवी पाल आणि सेवकराम

चिचगडचे सेवकराम आश्रमशाळेत सव्वीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झाले आणि वर्षभरानं त्यांना अंदमानहून फोन आला. त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालेली रचना तिथे पालींचा अभ्यास करत होती. मुक्कामावर स्वयंपाकी टिकत नव्हता.

"मामा, पाच महिने येता का?"

सेवकराम कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते. त्यांची बायको कुसुमबाई म्हणाली, "जा ना. घरी बसून काय करून राहिले तुमी?"

ते अंदमानात पोचले आणि चौथ्याच दिवशी पोपटी रंगाची, पाठीवर लाल ठिपक्यांची एक पाल भरदिवसा वरणात पडली. सेवकरामांनी अख्खं पातेलं ओतून दिलं. दुपारी सगळे उपाशी.

"ती विषारी नसते, मामा. आणि ही आपल्या घरातली पाल नव्हेच," रचना म्हणाली.

त्यांना ते पटलं नाही, पण त्या पालीकडे ते पाहू लागले. ती रात्री झोपे, उन्हात हिंडे, केळफुलातला रस चाटे. रचनानं सांगितलं, ही फक्त याच बेटांवर राहते. तिचे भाऊबंद पार आफ्रिकेकडच्या बेटांवर, मधे सगळा समुद्र.

"मंग ही इकडं आली कशी?"

"तेच कोणाला नीट माहीत नाही."

रचनाची माणसं तीन आठवडे जंगलात या पालीची अंडी शोधत होती. एका सकाळी चुलीत फुटका बांबू सारताना सेवकरामांना आत दोन पांढरी अंडी दिसली. बांबू त्यांनी हळूच मागे घेतला, सावलीत ठेवला आणि रचनाला हाक मारली. त्यानंतर रोज ते बांबूत डोकावत. सव्वा महिना उलटल्यावर एका अंड्यातून बोटाच्या पेराएवढं पिल्लू निघालं. दुसरं अंडं वाळून गेलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

ते घरी परतल्यावर हे सगळं ऐकून कुसुमबाई हसली. "हिरवी पाल? पोपट पाह्यला असन तुमी."

ती भिंतीवरच्या पालीला झाडू मारू लागली की सेवकराम एवढंच म्हणत, "राहू दे तिले."

दिवाळीनंतर रचनानं मोबाइलवर फोटो पाठवला. केळीच्या पानावर हिरवीगार पाल. कुसुमबाईनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"तिथं झोपत कुठं होते तुमी?" तिनं विचारलं. "पयल्यापासून सांगा."