सुनंदाशिवाय जुन्या बाजारात

सुनंदाला जाऊन आज वर्ष झालं, आणि वर्षभर मी सांगतील त्या किमतीला वस्तू घेतोय.

भाजीवालीशी वाद नाही. किराणा अ‍ॅपवरून येतो, तिथे तर बोलायलाच कोणी नाही.

खरं म्हणजे घासाघीस मला कधी येतच नव्हती. करायची ती. माझं काम फक्त निघून जायचं.

दर रविवारी जुन्या बाजारात आमचा हा प्रयोग असायचा. तिला अडकित्ते जमवायचा नाद. घरात सुपारी कोणी खात नाही, पण पितळी अडकित्ते ड्रॉवरभर.

ती पथारीसमोर बसून वस्तू उलटसुलट करायची, नाक मुरडायची. मी मागे घड्याळ बघत उभा.

मग ती विचारायची, "अहो, काय करू?"

मी म्हणायचं, "राहू दे. चल, उशीर होतोय." आणि मागे न बघता चालू लागायचं.

दहा पावलांत हाक यायचीच. "ओ काकू, या, घेऊन जा."

एकदा माझं टायमिंग चुकलं. मोराचा अडकित्ता बघून तोंडातून निघून गेलं, "सुरेख आहे गं."

झालं. विकणारा एक रुपया खाली आला नाही.

बसमध्ये कात्रजपर्यंत बाई बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "तुम्हाला नुसतं कंटाळायचं होतं. तेवढंही जमू नये?"

मागच्या रविवारी पहिल्यांदाच एकटा गेलो. आमच्या नेहमीच्या माणसाकडे घोड्याच्या आकाराचा अडकित्ता दिसला.

"काकू नाय आल्या?"

सांगितलं.

त्याने अडकित्ता कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"किती?"

"द्या काका, काय द्यायचं ते."

वीस वर्षांत हा माणूस असं बोललेला नाही. तिच्यासमोर तर पोराबाळांच्या शपथा घ्यायचा.

मला रागच आला. त्याचा चांगुलपणा कळत होता, पण नको होता.

म्हटलं, "तिला सांगायचात तसा भाव सांगा."

त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "बाराशे."

"चारशे."

"नाय परवडत काका. आठशे."

आता मागून कोणीतरी "चल, उशीर होतोय" म्हणायला हवं होतं.

सगळा बाजार माणसांनी भरलेला, आणि माझ्यामागे कोणी नव्हतं. इतकं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

मी आठशे दिले.

सुनंदा, तुला हा साडेचारशेला मिळाला असता.

श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही. तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच आहे.

मी फसून आलोय. रागवायला तरी ये.