पडद्यामागची जागा

पन्नासच्या दशकात कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात धान कापून झालं की रिकाम्या बांधीत फिरता सिनेमा यायचा. पुरुष पडद्यासमोर बसत आणि आम्हा बायकांना पडद्यामागे बसवत. कापडातून चित्र दिसायचं, पण उलटं. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर यायचा. बायकांना एवढं पुरे, असं माझ्या मोठ्या काकांचं मत होतं. गावात त्यांचंच चालायचं. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

एक सिनेमा ते आधी ब्रम्हपुरीत पाहून आले होते. त्यात शेवटी नायिका नवऱ्याला सुनावते, मंगळसूत्र काढून ठेवते आणि घर सोडते. हे आमच्या नजरेस पडू नये म्हणून काका नेमके तेव्हा उठले आणि मशीनच्या झोतासमोर धोतराचा सोगा पसरून उभे राहिले. आपलीच सावली पडद्यावर पडेल आणि भोंगा चालूच राहील, एवढंही त्या शहाण्याला सुचलं नाही. नायिका दिसेनाशी झाली. पडदाभर काका, काळे आणि अवाढव्य. त्यांच्या आतून त्या बाईचा आवाज येत राहिला, की आता मी इथे राहणार नाही. मग दाराची कडी वाजली.

माझ्या शेजारच्या म्हातारीला कमी दिसायचं. तिने काकूला विचारलं, "आता काय दिसून राह्यलं वो बाई?"

काकू नवऱ्याच्या त्या सावलीकडे बघत होती.

"घरी दिसते तेच," ती म्हणाली.